विलोबी डेटन मिलर

विलोबी डेटन मिलर (जन्म : अलेक्झांड्रिया, ओहायो, १ ऑगस्ट १८५३, मृत्यू : न्यूअर्क, ओहायो, २७ जुलै १९०७) हे अमेरिकन दंतवैद्य आणि मुखातील सूक्ष्मजंतूंचे आद्य अभ्यासक होते. त्यांच्या कार्याचा बहुतांश काळ बर्लिन येथे गेला. दात किडण्याची त्यांनी मांडलेली उपपत्ती आधुनिक दंतवैद्यकाचा पाया मानली जाते. किडलेल्या दाताच्या मूळनलिकेत जंतू असतात व तेथील विकारांशी त्यांचा संबंध आहे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले. मूळनलिकोपचार (रूट कॅनॉल ट्रीटमेंट) करताना जंतूंचा नाश का करावा लागतो, या प्रश्नाच्या शास्त्रीय उत्तराची सुरुवात त्यांच्या संशोधनापासून होते.

शिक्षण

मिलर यांचा जन्म ओहायो राज्यातील एका खेड्यात झाला. १८७५ साली ते मिशिगन विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढील शिक्षणासाठी ते आधी एडिंबरा येथे व नंतर बर्लिनला गेले. त्यांचा ओढा रसायन, भौतिकी आणि गणित या विषयांकडे होता. दंतवैद्यक हा त्यांचा मूळ विषय नव्हता. बर्लिनमध्ये व्यवसाय करणारे अमेरिकन दंतवैद्य ॲबट यांच्याशी परिचय झाल्यावर ते या शास्त्राकडे वळले. पुढे ॲबट यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. अमेरिकेस परतून १८७९ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी संपादन केली आणि ते पुन्हा बर्लिनला आले. १८८४ साली बर्लिन विद्यापीठात दंतवैद्यक संस्था सुरू झाली, तेव्हा तेथे अध्यापनासाठी त्यांची नेमणूक झाली. परकीयाला असे पद मिळणे त्या काळी अपवादात्मक होते. १८८७ साली त्यांनी वैद्यकाची पदवीही घेतली.

दंतक्षयाची उपपत्ती

दात किडीमुळे पोखरला जातो, ही समजूत जगभर प्राचीन काळापासून प्रचलित होती. एकोणिसाव्या शतकात काहींनी आम्लांना, तर काहींनी दाताच्या अंतर्गत दाहाला दोष दिला. १८८१ साली लंडनमध्ये अंडरवुड व मिल्स यांनी जंतूंकडे बोट दाखवले होते. मात्र आम्ल आणि जंतू यांचा परस्परसंबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नव्हता.

बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वेगळे करण्याच्या व वाढवण्याच्या नव्या पद्धती आकारास येत होत्या. त्या पद्धती मिलर यांनी मुखातील जंतूंना लावल्या. त्यांचे प्रयोग साधे होते. काढलेले दात त्यांनी पाव, साखर आणि लाळ यांच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवले. काही काळाने मिश्रणात आम्ल तयार झाले आणि दाताचे कठीण कवच मऊ पडले. लाळ आधी उकळली असता आम्ल तयार झाले नाही. पिष्ट व शर्करेऐवजी मांस किंवा चरबी घातली असता दातावर तसा परिणाम झाला नाही. आम्ल करणारा घटक लाळेतील सजीव जंतू होत आणि त्यांचे खाद्य पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ होत, असा निष्कर्ष यावरून निघाला.

त्यांच्या मते दंतक्षय दोन टप्प्यांत होतो. प्रथम आम्लामुळे दातातील क्षार विरघळतात आणि नंतर उरलेला मऊ सेंद्रिय भाग जंतू पचवून नष्ट करतात. हा रोग एकाच विशिष्ट जंतूमुळे होतो, असे त्यांनी मानले नाही. मुखातील अनेक जंतू आम्ल निर्माण करू शकतात, हे त्यांनी दाखवले. मुखातील जंतूंवरील त्यांचा ग्रंथ १८८९ साली जर्मन भाषेत आणि १८९० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दाताला चिकटून राहणाऱ्या जंतूंच्या थराचे महत्त्व या उपपत्तीत पुरेसे आलेले नव्हते. ती उणीव पुढे जी. व्ही. ब्लॅक व लिऑन विल्यम्स यांनी भरून काढली.

मूळनलिकेतील जंतू

१८९४ साली मिलर यांनी दाताच्या गरातील (पल्प) जंतूंविषयीचा लेख डेंटल कॉसमॉस या नियतकालिकात प्रसिद्ध केला. कुजलेल्या गराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांना गोलाकार, दंडाकार आणि मळसूत्री असे तऱ्हेतऱ्हेचे जंतू आढळले. मूळनलिकेच्या वरच्या, मधल्या व टोकाच्या भागातील जंतूंमध्ये फरक असल्याचेही त्यांनी नोंदवले.

यात एक अडचण उरली. सूक्ष्मदर्शकातून दिसणारे अनेक जंतू प्रयोगशाळेतील माध्यमावर वाढतच नसत. हवेतील ऑक्सिजनच्या सान्निध्यात न जगणारे जंतू वाढवण्याची तंत्रे तेव्हा अपुरी होती. त्यामुळे मिलर यांचे निरीक्षण अचूक असले, तरी रोगकारणाचा अंतिम पुरावा त्यांना देता आला नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी मिळाला. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दातांतील गर उघडा केला. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत तो बरा झाला, तर सामान्य उंदरांत तो कुजला. १९७६ साली स्वीडनमध्ये सुंदक्विस्ट यांना रुग्णांच्या मूळनलिकांत प्रामुख्याने ऑक्सिजनविना वाढणारे जंतू आढळले.

केंद्रीय संसर्ग आणि विपर्यास

मुखातील जंतू शरीराच्या अन्य भागांत रोग निर्माण करू शकतात, असे मिलर यांनी १८९१ साली प्रतिपादन केले. मृत गर असलेले सर्व दात उपटावेत, असे मात्र त्यांनी सुचवले नव्हते. मूळनलिका स्वच्छ करून ती भरावी, असे त्यांचे मत होते. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांनी मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात सदोष दंतोपचारांवर कठोर टीका केली. त्यानंतर केंद्रीय संसर्गाच्या (फोकल इन्फेक्शन) कल्पनेने जोर धरला आणि वाचवता येण्याजोगे असंख्य दात काढून टाकले गेले. ही लाट ओसरायला काही दशके लागली. मिलर यांचा इशारा स्वीकारला गेला, पण त्यांनी सांगितलेला उपाय बाजूस पडला.

उपचारांवरील प्रभाव

मिलर यांनी अनेक जंतुनाशक द्रव्यांची तुलना करून त्यांचा प्रभाव तपासला होता. पुढील काळात मूळनलिकोपचाराची दिशा हीच राहिली. पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी वापरलेले सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लवकरच दंतवैद्यकात आले. हे द्रावण जंतू मारते व मृत ऊतीही विरघळवते. त्यामुळे मूळनलिका धुण्यासाठी आजही प्रामुख्याने तेच वापरतात. ते मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास तीव्र वेदना व सूज येते, म्हणून काळजी घ्यावी लागते. केवळ कानशीसारख्या बारीक हत्यारांनी नलिका खरवडून सर्व जंतू जात नाहीत, हे १९८१ साली बायस्ट्रॉम व सुंदक्विस्ट यांनी दाखवले. म्हणून खरवडणे, द्रावणाने धुणे, गरजेनुसार दोन भेटींच्या मधल्या काळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवणे आणि शेवटी गटापर्चाने नलिका बंद करणे, असा क्रम रूढ आहे. रबराचा पडदा लावून दात लाळेपासून वेगळा ठेवतात. लाळेतील जंतूंविषयी मिलर यांनी जे दाखवले, त्यावरून या खबरदारीचे कारण स्पष्ट होते.

अखेरची वर्षे

१९०० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाचे अध्यक्षपद मिलर यांनी भूषवले. मिशिगन विद्यापीठाच्या दंतवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठातापद स्वीकारून १९०७ साली ते मायदेशी परतले. पदाची सूत्रे हाती घेण्यापूर्वीच आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. महासंघाने त्यांच्या स्मरणार्थ मिलर पारितोषिक सुरू केले.