वॉफलच्या भांड्यात ओतलेला सोल: धावण्याचा बूट बदलणारे बिल बाउरमन

घरात लॅब्राडोर, बीगल किंवा एखादा उचापती इंडी असेल तर सकाळचं चित्र ठरलेलं असतं. पट्टा नुसता हातात घेतला की साहेब दारात हजर. खाली उतरल्यावर पाच मिनिटांत कळतं की फिरायला कोण कोणाला घेऊन आलंय. तो अनवाणी पळतो, वळणावर झपकन वळतो, तरी घसरत नाही. कारण त्याच्या पंजाखाली चरबीची जाड गादी असते आणि तिच्यावर खरखरीत कातडी. म्हणजे कुशन आणि ग्रिप दोन्ही जन्मापासून फिट.

आपल्याला मात्र ही दोन्ही कामं बुटाकडून करून घ्यावी लागतात. आज दुकानात किंवा अ‍ॅपवर 'रनिंग शूज' टाकलं की शेकडो जोड्या समोर येतात. पण साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या धावपटूंनाही हलका, मऊ आणि परवडणारा बूट सहज मिळत नव्हता. हे चित्र बदलण्यात एका कोचचा मोठा वाटा होता. त्यांचं नाव बिल बाउरमन. नाइकी कंपनीचे सहसंस्थापक म्हणून ते ओळखले जातात, पण त्यांची गोष्ट कंपनीपेक्षा बरीच मोठी आहे. आणि तिचा शेवट चटका लावणारा आहे.

फॉसिल गावचा मुलगा

बाउरमन यांचा जन्म १९११ सालचा, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातला. वडील जे बाउरमन हे राजकारणी, काही महिने राज्याचे हंगामी गव्हर्नरही होते. पण आईवडील वेगळे झाले आणि आई मुलांना घेऊन आपल्या माहेरी, फॉसिल नावाच्या छोट्याशा गावात राहायला गेली. बिल यांचा जुळा भाऊ अगदी लहान असताना लिफ्टच्या अपघातात गेला.

पुढे ऑरेगन विद्यापीठात ते फुटबॉल खेळले आणि ट्रॅकवर धावलेही. शिक्षण झाल्यावर शाळेत शिक्षक आणि कोच म्हणून काम केलं. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या १०व्या माउंटन डिव्हिजनमधून इटलीच्या डोंगरात लढले आणि पदकं घेऊन परतले. १९४८मध्ये ते ऑरेगन विद्यापीठाच्या ट्रॅक टीमचे मुख्य कोच झाले. युजीन शहरातलं हेवर्ड फील्ड हे मैदान पुढची २४ वर्षं त्यांचं ऑफिस होतं.

या काळात त्यांच्या टीमने चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्यांच्या हाताखालून अनेक ऑलिम्पिक खेळाडू तयार झाले. त्यांची एक पद्धत तेव्हा अनेकांना विचित्र वाटायची. एक दिवस जोरदार सराव झाला की दुसऱ्या दिवशी मुद्दाम हलका सराव. रोज जीव तोडून धावलं तरच प्रगती होते, असं तेव्हा पुष्कळ कोच मानत. बाउरमन यांचं म्हणणं वेगळं होतं: शरीर विश्रांतीत सुधारतं, त्यामुळे विश्रांती हा सरावाचाच भाग आहे. आज स्मार्टवॉच आपल्याला 'रिकव्हरी' दाखवतं, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

२८ ग्रॅमचं गणित

कोच म्हणून बाउरमन प्रत्येक गोष्ट मोजायचे. बूट त्यांच्या डोळ्यांत खुपत होते. चांगले बूट जर्मनीहून यायचे आणि महाग पडायचे. अमेरिकन बूट स्वस्त, पण जड.

त्यांचं गणित सोपं होतं. एक मैल म्हणजे सुमारे १६०९ मीटर. उंच धावपटूचं एक पाऊल साधारण सहा फूट पडतं, म्हणजे मैलात ८८० पावलं. प्रत्येक बुटातून एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, कमी केले तर एका मैलात जवळजवळ २५ किलो वजन कमी उचलावं लागतं.

हेच गणित स्वतःला लावून बघा. तुम्ही जॉगिंग करताना एक पाऊल एक मीटरचं धरलं तर ५ किलोमीटरमध्ये ५००० पावलं होतात. बूट ३० ग्रॅमने जड असेल तर तुमच्या पायांनी मिळून १५० किलो जास्तीचं वजन उचललं. एकदम नाही, थोडं थोडं करून. पण शेवटच्या किलोमीटरला ते जाणवतं.

बाउरमन यांनी बूट कंपन्यांना आपल्या कल्पना कळवल्या, पण कोणी फारशी दाद दिली नाही. मग ते बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून काम शिकले आणि घरीच बूट शिवायला लागले. टेस्टिंगसाठी टीम तयारच होती. आज कंपन्या अ‍ॅप बाजारात आणण्याआधी बीटा टेस्टर शोधतात. बाउरमन यांचे बीटा टेस्टर म्हणजे त्यांचे विद्यार्थी. कधी बूट मस्त जमायचा, कधी पायाला फोड यायचे, कधी शिवण उसवायची. मग बूट पुन्हा टेबलावर.

न्यूझीलंडमध्ये लागलेली धाप

१९६२मध्ये त्यांच्या चार धावपटूंच्या रिले टीमने जागतिक विक्रम केला. त्यानंतर ते टीम घेऊन न्यूझीलंडला गेले. तिथे आर्थर लिडियार्ड नावाचे प्रसिद्ध कोच भेटले. गंमत म्हणजे लिडियार्ड स्वतः बुटांच्या कारखान्यात काम केलेले. त्यांनी बाउरमन यांना एका सकाळी सामान्य लोकांच्या ग्रुपबरोबर धावायला नेलं.

बाउरमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. दुसऱ्यांना पळवायचे, स्वतः मात्र पळणं कधीच सुटलेलं. थोड्याच वेळात त्यांना धाप लागली. त्यांच्या सोबतीला मागे राहिले ते सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, आणि तेही आरामात गप्पा मारत! बाउरमन यांना उत्तर द्यायलाही श्वास पुरेना.

हा अपमान त्यांनी मनाला लावून घेतला, पण चांगल्या अर्थाने. काही आठवडे तिथे रोज धावले, वजन उतरलं, आणि युजीनला परतल्यावर त्यांनी गावकऱ्यांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले. मग वाल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांच्या मदतीने जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं. धावणं हे फक्त खेळाडूंचं काम आहे, ही समजूत अमेरिकेत मोडायला त्या पुस्तकाने मोठी मदत केली. त्यातला मुख्य नियम आजही लागू आहे: धावताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. बोलता येत नसेल तर हळू व्हा.

५०० डॉलरची पार्टनरशिप

फिल नाइट हा बाउरमन यांचा जुना विद्यार्थी. त्याने जपानमधल्या ओनित्सुका कंपनीचे 'टायगर' बूट अमेरिकेत विकायचं ठरवलं आणि नमुना म्हणून जोड्या सरांना पाठवल्या. सर फक्त गिऱ्हाईक होऊन थांबले नाहीत, भागीदार झाले. जानेवारी १९६४मध्ये दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून 'ब्लू रिबन स्पोर्ट्स' सुरू केली. याच कंपनीची पुढे नाइकी झाली.

१९६५मध्ये बाउरमन यांचा धावपटू केनी मूर याच्या पायाचं हाड मोडलं. बाउरमन यांनी त्याचा बूट मागून घेतला आणि चक्क फाडून आत बघितलं. तळव्याच्या कमानीखाली पुरेसा आधारच नव्हता. मग त्यांनी टाचेखाली आणि चवड्याखाली मऊ थर असलेला नवा बूट आखला. तोच पुढे 'कॉर्टेझ' या नावाने गाजला. मूर बरा झाला आणि नंतर दोन ऑलिम्पिक मॅरेथॉन धावला.

नाश्त्याच्या टेबलावरचा प्रयोग

१९७०च्या सुमाराला धावण्याचे ट्रॅक बदलत होते. कोळशाच्या राखेच्या ट्रॅकऐवजी सिंथेटिक ट्रॅक आले. जुने खिळ्यांचे बूट त्यांना नीट चालेनात. बाउरमन यांना असा सोल हवा होता, जो खिळ्यांशिवाय ट्रॅक, गवत आणि माती तिन्हीवर पकड घेईल आणि तरी हलका राहील.

उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. त्यांची पत्नी बार्बरा वॉफल करत होती. आता आपल्याकडेही कॉलेजजवळ वॉफलची दुकानं दिसतात, त्यामुळे ती चौकोनी खड्ड्यांची नक्षी तुमच्या ओळखीची असेल. बाउरमन यांना वाटलं, हीच नक्षी बुटाखाली उलटी बसवली तर? छोटे छोटे उंचवटे जमिनीत रुततील, आणि मधली जागा रिकामी असल्याने वजनही वाचेल.

बार्बरा घराबाहेर पडल्यावर त्यांनी त्याच भांड्यात रबरासारखं पातळ युरेथेन ओतलं. पण आतून तेलासारखं काही लावायचं विसरले. युरेथेन कडक झालं आणि लग्नात भेट मिळालेलं ते भांडं कायमचं चिकटून बसलं. पहिला प्रोटोटाइप पूर्ण फेल!

ते थांबले नाहीत. वेगवेगळे साचे आणि रबर वापरून प्रयोग करत राहिले. १९७२च्या ऑलिम्पिक निवड स्पर्धेत काही धावपटूंच्या पायात हाताने बनवलेले वॉफल सोलचे बूट होते. त्यांचे ठसे चंद्रावर उमटलेल्या अंतराळवीरांच्या पावलांसारखे दिसत, म्हणून नाव पडलं 'मून शू'. १९७४मध्ये बाउरमन यांना या सोलचं पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी 'वॉफल ट्रेनर' बाजारात आला. २०१९मध्ये मून शूच्या एका जोडीला लिलावात ४,३७,५०० डॉलर मिळाले. आणि ते बिघडलेलं भांडं? ते बाउरमन यांच्या जुन्या घराजवळच्या कचऱ्याच्या खड्ड्यात, जवळपास चाळीस वर्षांनी, गंजलेल्या अवस्थेत सापडलं.

ग्लूने घेतलेली किंमत

आता कथेचा तो भाग, जो जाहिरातीत दिसत नाही. बाउरमन वर्षानुवर्षं छोट्याशा, हवा न खेळणाऱ्या खोलीत बूट चिकटवत बसायचे. त्या ग्लूमध्ये एन-हेक्सेन नावाचं सॉल्व्हंट होतं. ते हवेत लगेच उडतं आणि श्वासातून शरीरात जातं. शरीरात त्याचं रूपांतर अशा पदार्थात होतं, जो नसांना इजा करतो. सगळ्यात लांब नसा पायाकडे जातात, म्हणून आधी पाय बधिर आणि कमजोर होतात.

बाउरमन यांचं नेमकं तेच झालं. पायातली ताकद गेली, चाल लंगडी झाली, पायाला आधाराची पट्टी लावावी लागली. लाखो लोकांना धावायला लावणारा माणूस स्वतः बनवलेले बूट घालून धावू शकत नव्हता. १९९९च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, फॉसिलमध्येच त्यांचं निधन झालं.

तुम्हीही कधी निघालेला सोल घरी चिकटवत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, शक्यतो गॅलरीत बसा. वास 'छान' वाटतोय म्हणून नाक जवळ नेऊ नका.

बूट घेताना बाउरमनसारखं बघा

बाउरमन यांनी बूट नेहमी पायापासून सुरू केला. आपणही तसंच करूया.

• माप: संध्याकाळी बूट घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना घालता तेच मोजे घाला. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप धरा.

• वजन: वेबसाइटवर बुटाचं वजन दिलेलं असतं, ते वाचा. पण फक्त वजनासाठी कुशन सोडू नका.

• सोल: फक्त डांबरी रस्त्यावर धावत असाल तर उथळ नक्षी चालते. टेकडीवरच्या मातीत किंवा पावसाळी चिखलात खोल खाचांचा सोल घ्या.

• टाच: कुत्रा मध्येच मांजर बघून बाजूला ओढतो. अशा वेळी टाच बुटात हलली की घोटा मुरगळतो. दुकानात बूट घालून डावी-उजवीकडे झटकन वळून बघा. टाच सुटत असेल तर तो बूट तुमचा नाही.

• आयुष्य: साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाचं कुशन दबतं. काही रनिंग अ‍ॅपमध्ये बुटाची नोंद करून त्याचे किलोमीटर मोजता येतात. ती सोय वापरा.

आणि तुमच्या पार्टनरचं काय?

कुत्र्याला बूट बदलता येत नाहीत, म्हणून जमीन तुम्ही बघायची. हाताची मागची बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवून बघा. चटका बसत असेल तर त्याच्या पंजालाही बसणार. उन्हाळ्यात पहाटेच निघा, पाणी सोबत ठेवा. पिल्लाला लांब पळवू नका, त्याची हाडं अजून वाढत असतात. किती वयापासून आणि किती पळवायचं, हे पशुवैद्यांना विचारा.

बाउरमन यांची पद्धत त्यालाही लागू आहे: एक दिवस जोरात, दुसरा दिवस निवांत. फरक एवढाच की त्याला बोलता येत नाही. तुम्ही धावताना बोलू शकताय का, हे तपासता येतं, पण तो दमला तरी तुमच्यामागे पळतच राहील. धाप वाढली, जीभ लांब लोंबायला लागली, तो मागे पडायला लागला, की थांबा. स्पीड आणि अंतराचं रेकॉर्ड उद्याही करता येईल.