गळ, दोर आणि राजाची लेखणी : भूलोकमल्ल सोमेश्वर

तंजावूर : येथील राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती, घोडे, वैद्यक, संगीत अशा विषयांवरील हस्तलिखिते जतन केलेली आहेत. 1799 मध्ये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेल्यानंतर सरफोजी राजे दुसरे यांनी आपले लक्ष या ग्रंथालयाच्या समृद्धीकडे वळवले. राज्य आक्रसले, तरी ज्ञानसंग्रह वाढत राहिला. राजाने सर्व विद्यांचा परामर्श घ्यावा, ही परंपरा दक्षिणेत त्याआधीही सुमारे सात शतके रुजलेली होती. तिचा एक थोर प्रतिनिधी म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. नदीतील मासा गळाने कसा धरावा, हे सविस्तर लिहून ठेवणारा भारतातील पहिला ज्ञात ग्रंथकार तोच होय.

सोमेश्वराच्या घराण्याचे आणि तंजावुरातून उदयाला आलेल्या चोळांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. त्याचा आजा पहिला सोमेश्वर याने कल्याणी, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथे राजधानी वसवली. 1054 मध्ये कोप्पमच्या रणांगणावर त्याच्याशी लढताना चोळ राजा राजाधिराज धारातीर्थी पडला. याच आज्याने 1068 मध्ये तुंगभद्रेच्या पात्रात जलसमाधी घेतली. पिता सहावा विक्रमादित्य याने 1076 पासून पन्नास वर्षे राज्य केले. त्याच्या आश्रयाला कवी बिल्हण आणि ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वर होते. अशा दरबारात वाढलेल्या सोमेश्वराला शस्त्राइतकाच शास्त्राचाही वारसा लाभला.

1126 मध्ये तो गादीवर आला. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ ही बिरुदे त्याने धारण केली. राज्य मोठे होते, पण त्याच्या कडा सैल होऊ लागल्या होत्या. दक्षिणेत होयसळ डोके वर काढत होते आणि पूर्वेकडील वेंगीचा प्रदेश त्याच्याच काळात पुन्हा चोळांकडे गेला. त्यामुळे राजकीय इतिहासात पित्याच्या तुलनेत त्याची गणना दुर्बळ राजांत होत आली. मात्र हा निवाडा अपुरा आहे.

1130 च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे या संस्कृत ग्रंथाचे दुसरे नाव. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, म्हणजे एकूण शंभर अध्याय, अशी त्याची रचना आहे. राज्यप्राप्ती, राज्यरक्षण, उपभोग, विनोद आणि क्रीडा असा त्याचा विस्तार आहे. त्यात दुर्ग व सैन्याबरोबरच मांडे, पुऱ्या आणि वड्यांची कृतीही येते. संगीताच्या प्रकरणात मराठीतील पद्यरचना आढळतात, म्हणून मराठीच्या आरंभकाळाच्या अभ्यासातही या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे.

‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण याच ग्रंथातील. त्यात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नोंद आहे. समुद्रातील व नदीतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, आकाराने मोठे, मध्यम आणि लहान अशी त्यांची वर्गवारी केलेली आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, याचाही विचार त्यात आहे. काठी, दोर आणि गळ या साहित्याचा परामर्श तेथे घेतलेला आहे. तसेच माशांना आधी खाऊ घालून ठरावीक जागी सरावू देण्याची पद्धतही सांगितलेली आहे. या विद्येचे मर्म बळात नसून संयमात आहे. मोठा मासा एकदम ओढला तर दोर तुटतो. त्याला कधी ढील द्यावी लागते, कधी ताण, आणि तो दमेपर्यंत वाट पाहावी लागते.

या नोंदीचे वेगळेपण जागतिक पार्श्वभूमीवर अधिक ठळक होते. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरील प्रबंध 1496 मध्ये छापला गेला. पिसे व धागे गुंफून केलेल्या कृत्रिम माश्यांनी थंड ओढ्यांतील ट्राउट कसा पकडावा, हे त्यात आले. ‘मानसोल्लास’ त्याच्या साडेतीन शतकांहूनही आधीचा. ट्राउट मुळात भारतीय नव्हे; 1900 च्या सुमारास तो काश्मीरच्या पाण्यात आणून सोडण्यात आला. येथील नद्यांतला त्याच्या तोडीचा लढवय्या मासा म्हणजे महाशीर. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये ‘मत्स्यविनोद’वर अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला आणि राजाच्या यादीतील मासे आधुनिक विज्ञानाशी जोडून पाहिले. त्या यादीत महाशीरही आहे.

एवढी बारीक माहिती सिंहासनावर बसून मिळत नाही. पाण्यात उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या भोई-कोळ्यांच्या अनुभवावाचून असे प्रकरण लिहिले जाणे कठीण. त्यांची नावे ग्रंथात उरली नाहीत, पण त्यांची विद्या संस्कृत शास्त्राच्या पंक्तीला बसली, याचे श्रेय सोमेश्वराला द्यावे लागते.

1138 मध्ये त्याची कारकीर्द संपली. पुढे अर्धशतकभरात कल्याणीची सत्ताही लयाला गेली. ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून टिकला आणि 1925 पासून बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत त्याचे खंड प्रसिद्ध झाले. एका मराठी संस्थानाने या राजाला पुन्हा वाचकांपुढे आणले.

आज दख्खनच्या नद्यांवर धरणे आहेत, पात्रांत सांडपाणी आहे. महाशीरसाठी लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात कृत्रिम पैदास करावी लागली. महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून श्रद्धेने तो राखला गेला. सोमेश्वराने गमावलेली वेंगी परत मिळवण्याचे कारण आता कोणालाच उरलेले नाही. त्याने नोंदवलेले मासे नदीत राहतील की केवळ ग्रंथात, हा प्रश्न मात्र नऊ शतकांनंतरही जिवंत आहे.