मैदानाच्या नावामागचा खेळाडू

ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. ते क्रिकेटपटूचे नव्हे, ध्यानचंद यांच्या धाकट्या भावाचे नाव आहे.

रूपसिंग यांचा जन्म ८ सप्टेंबर १९०८ रोजी जबलपूरला झाला. बालपण झाशीत गेले, पुढे ते ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात दाखल झाले. हॉकीत त्यांची जागा इनसाइड लेफ्टची. हॉकीच्या काठीची डावी बाजूच सपाट असते आणि चेंडू तिनेच मारावा लागतो. त्यामुळे मैदानाच्या डावीकडून उजवीकडे, गोलाच्या रोखाने फटका मारायचा तर धावता धावताच चेंडूभोवती पावले वळवून घ्यावी लागतात. जरा उशीर झाला की बचावपटू आडवा आलाच. (पटत नसेल तर काठी हाती घेऊन पाहावे.)

अशा अवघड जागेवरून त्यांनी १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने १० गोल केले. भारत २४-१ असा जिंकला. ध्यानचंद यांचे गोल आठ होते. स्पर्धेत संघ तीनच आणि प्रतिस्पर्धी कच्चे, हे खरे. पण १९३६ साली बर्लिनमध्ये, सराव सामन्यात आपल्याला हरवणाऱ्या जर्मनीलाच अंतिम सामन्यात ८-१ असे नमवणाऱ्या संघातही रूपसिंग होते.

आज एका सामन्यात कुणी १० गोल केले तर पहिली शंका उत्तेजकांची येईल. तेव्हाही उत्तेजके अज्ञात नव्हती. १९०४च्या ऑलिंपिक मॅरेथॉनच्या विजेत्याला वाटेत स्ट्रिक्नीन पाजले गेले होते. अ‍ॅथलेटिक्स महासंघाने १९२८ साली बंदी घातली, पण ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू झाली ती १९६८ साली. मधल्या काळात खेळाडूला अडवणारे कुणी नव्हते. धावणे, सायकल, भारोत्तोलन यांत औषधांनी विक्रमांची उलथापालथ केली. तिथे निव्वळ तंत्राचे गोडवे गाणे भाबडेपणाचे ठरेल. हॉकीतही औषध दम टिकवील, थकवा लपवील. पावले केव्हा वळवायची, हे मात्र वर्षानुवर्षे काठी फिरवूनच अंगी मुरते. रूपसिंगांच्या गोलांचा हिशेब मला तरी तिथेच लागतो.

१९७७ साली ग्वाल्हेरमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे मैदान मुळात हॉकीचे होते. क्रिकेट तिथे नंतर आले.