दगडातील झाडे वाचणारा माणूस

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते एका संस्थेची कोनशिला बसवण्यात आली. त्या शिळेत देशोदेशींचे जीवाश्म जडवलेले होते. ज्यांनी हा सारा घाट घातला होता, ते डॉ. बिरबल साहनी त्यानंतर आठवडाभरच जगले. १० एप्रिलला हृदयविकाराने त्यांना गाठले. वय अवघे ५७.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, आज पाकिस्तानात असलेल्या भेरा गावचा. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १९११ मध्ये बिरबल केंब्रिजला गेले. तिथे प्रा. सिवर्ड यांच्या हाताखाली त्यांना जीवाश्म वनस्पतींचा नाद लागला, तो जन्मभराचा. पुढे बिहारमधील राजमहाल टेकड्यांत (आता त्या झारखंडात आहेत) मिळालेल्या अवशेषांवरून त्यांनी एका लुप्त वनस्पतीचे रूप जुळवले आणि तिला गुरूंचेच नाव दिले!

१९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख झाले. पण दगडातले पान वाचायचे तर एका शास्त्राने भागत नाही. पान कोणत्या झाडाचे, हे वनस्पतिशास्त्र सांगते. तो थर कधीचा, हे भूशास्त्र. विद्यापीठात मात्र या दोन विद्यांच्या वाटा वेगळ्या. १९४३ मध्ये लखनौला भूशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचीही धुरा साहनींनीच घेतली.

या दुहेरी विद्येचा उपयोग काय, हे आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाने दाखवून दिले. हा कातळ एका दमात साचलेला नाही. लाव्हाच्या दोन लोटांमध्ये दीर्घ उसंत असे. तेवढ्यात तळी भरत, झाडे रुजत आणि पुढचा लोट त्यांना गाडून टाकी. नागपूर-छिंदवाडा भागातील अशा थरांतले अवशेष साहनींनी अभ्यासले. मोहगाव कलान येथे निपा ताडाचे फळ मिळाले. हा ताड आज सुंदरबनसारख्या खाऱ्या खाड्यांत वाढतो. मग मध्य भारतात तो कुठून आला? एकेकाळी तिथवर समुद्राचा हात पोचला असावा, असे हे फळ सुचवते.

याच वनस्पतींच्या आधारे साहनींनी आणखी एक मत मांडले. दख्खनचा लाव्हा डायनोसॉरच्या युगातला मानला जाई. तो त्यानंतरचा, असे ते म्हणत. वाद रंगला. आजच्या मोजणीनुसार हे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे ऐन दोन युगांच्या उंबरठ्यावरचे. सत्य दोन्ही पक्षांच्या मधोमध निघाले.

साहनी गेले तेव्हा संस्थेची इमारतही उभी नव्हती. पत्नी सावित्रीबाईंनी अध्यक्षपदाची जबाबदारी घेतली. १९५३ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले, तेही नेहरूंच्याच हस्ते. आज बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत वनस्पतिशास्त्राचा आणि भूशास्त्राचा पदवीधर एकाच दगडावर वाकून संशोधन करतात. एका माणसाने एकट्याने सांधलेल्या दोन विद्या आता तिथे एका छपराखाली नांदतात.