गडवेड्या गोनीदांचा कॅमेरा

अंबरनाथ-बदलापूरहून कर्जत लोकल पकडून, गळ्यात कॅमेरा अडकवून राजमाचीच्या मुक्कामाला निघणाऱ्या तरुणांचे एक थोर पूर्वसूरी म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर.

८ जुलै १९१६ रोजी परतवाडा येथे जन्मलेल्या गोनीदांनी तेराव्या वर्षी घर सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. गाडगेमहाराजांचा सहवास, नर्मदेची पायी परिक्रमा अशी भ्रमंती करून ते तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले आणि लेखणीवरच संसार चालविला. 'स्मरणगाथा' या आत्मकथनास १९७६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

सह्याद्री हा मात्र त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. राजमाचीच्या परिसरातील निसर्ग 'माचीवरला बुधा' या १९५८ मधील कादंबरीत उतरला. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय नव्हता. तरीही गडांवरच्या भटकंतीत कॅमेरा त्यांच्या सोबत असे. त्यांनी टिपलेली दुर्गांची रूपे 'गगनात घुमविली जयगाथा' या ग्रंथात पाहावयास मिळतात.

१ जून १९९८ रोजी गोनीदा निवर्तले. गडांची पडझड आजही थांबलेली नाही. ढासळलेला बुरूज पूर्वी कसा होता, हे सांगण्यास अनेकदा जुने छायाचित्रच उरते. हौसेने काढलेले चित्रही इतिहासाचा दस्तऐवज ठरते, ही गोनीदांच्या छंदाची खरी शिकवण.