सर्व्हर तुमचं टर्मिनल ओळखत नाही? मग जॉन पोस्टेल यांना भेटा

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी उबंटूच्या लॅपटॉपवरून एका जुन्या युनिक्स सर्व्हरवर लॉगिन केलं. टर्मिनल टाइप माहीत नाही, असा मेसेज आला. क्लिअर कमांड चालेना, एडिटर नीट उघडेना. सीनियरने टर्म या व्हेरिएबलमध्ये व्हीटी१०० टाकायला सांगितलं आणि सगळं सुरळीत! म्हणजे माझ्या टर्मिनलचं नवं नाव त्या सर्व्हरच्या यादीत नव्हतंच. हा घोळ मुळात कुठून आला हे शोधताना मी जॉन पोस्टेल यांच्यापर्यंत पोहोचलो.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. लांब दाढी, पायात सँडल. १९६९ मध्ये अर्पानेटचं पहिलं केंद्र यूसीएलए विद्यापीठात सुरू झालं, तेव्हा ते तिथे विद्यार्थी होते. (व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकरही तिथेच. गंमत म्हणजे तिघांची हायस्कूलही एकच!)

तेव्हा अडचण माझ्यासारखीच होती, फक्त फार मोठी. कुठलं मशीन अस्की कोड वापरायचं, तर आयबीएमचं एबसिडिक. ओळ कुठे संपते यावरही एकमत नाही. प्रत्येक मशीनला प्रत्येक टर्मिनलची भाषा शिकवायची म्हटलं तर वीस प्रकारची मशीन आणि वीस प्रकारची टर्मिनल यांच्यासाठी चारशे जोड्या! टेलनेटने यावर मस्त तोडगा काढला: एक काल्पनिक टर्मिनल. दोन्ही बाजूंनी फक्त आपली भाषा त्या मधल्या भाषेत बदलायची, बस्स. मराठी आणि तमिळ माणूस रेल्वेत मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात ना, तसंच. त्याहून जास्त काही हवं असेल तर आधी विचारायचं. समोरचा नाही म्हणाला तर गप्प साध्यावर चालवायचं. मे १९८३ मध्ये पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी आरएफसी ८५४ मध्ये हे नीट लिहून काढलं. त्याच वर्षी टर्मिनलचं नाव कळवण्याचा पर्यायही आला. पासवर्ड उघडा जातो म्हणून टेलनेट मागे पडलं, पण एसएसएच आजही लॉगिन करताना टर्मिनलचं नाव पाठवतंच.

आरएफसीचं संपादन पोस्टेल यांनी जवळपास तीस वर्षं केलं. कुठला पोर्ट कोणाला, याची यादीही तेच सांभाळायचे. मला खरं आश्चर्य इथे वाटतं: इतकं सगळं एका माणसावरच्या विश्वासावर चाललं होतं. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी एक ईमेल पाठवला आणि बारापैकी आठ दुय्यम रूट सर्व्हर चालवणाऱ्यांनी सरकारी कंत्राटदाराच्या सर्व्हरऐवजी पोस्टेल यांच्या सर्व्हरवरून माहिती घ्यायला सुरुवात केली. अमेरिकन सरकार हादरलं. ही चाचणी होती असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि सगळं पूर्ववत केलं. माझ्या मते ती निव्वळ चाचणी नव्हती. इंटरनेट कोणा एकाच्या ताब्यात नाही, हे त्यांना दाखवायचं असावं. पण मग ते त्यांच्या तरी ताब्यात का असावं, हा प्रश्न उरतोच.

त्याच वर्षी त्यांचं काम हाती घेण्यासाठी आयकॅन ही संस्था उभी राहिली. १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, पोस्टेल गेले. वय फक्त ५५. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला त्यांचा मृत्युलेख आरएफसी म्हणूनच निघाला. क्रमांक २४६८.