वऱ्हाडचे विद्यागुरू

शेक्सपिअरच्या नाटकांची भाषा खुद्द इंग्रज मुलांनाही अवघड वाटते. म्हणून चार्ल्स लॅम व त्याची बहीण मेरी यांनी 1807 साली त्यांपैकी वीस नाटकांच्या कथा सोप्या गद्यात सांगितल्या. इंग्रजी बालवाङ्मयात त्या पुस्तकाने मानाचे स्थान मिळविले. परंतु ज्यांना इंग्रजी मुळीच येत नाही, त्यांनी या कथांचा आनंद कसा घ्यावा? अशा मराठी वाचकांसाठी ज्यांनी लेखणी झिजविली, त्यांत विष्णु मोरेश्वर महाजनी यांचे नाव आदराने घेतले जाते.

महाजनी यांचा जन्म 1851 साली झाला. एम. ए. ची पदवी संपादन केल्यावर ते वऱ्हाडात आले व अकोल्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. अमरावती-अकोल्याच्या या प्रदेशात त्या काळी उच्च शिक्षण घेतलेली माणसे फार थोडी होती. विद्वत्तेबरोबर त्यांच्या ठायी विद्यार्थ्यांविषयी खरा जिव्हाळा होता.

त्यांच्या शाळेत गोपाळ गणेश आगरकर नावाचा एक अत्यंत गरीब विद्यार्थी होता. तो नातेवाइकांच्या आश्रयाने शिकत असे. एकदा महाजनींनी त्याच्या अभ्यासाविषयी कठोर शब्द काढले, तेव्हा आपणही गुरुजींप्रमाणेच एम. ए. होऊन दाखवू, असे त्या मुलाने बाणेदारपणे सांगितले, अशी आठवण सांगतात. दुसरा एखादा शिक्षक या उत्तराने रागावला असता. महाजनींनी मात्र त्या मुलातील तेज ओळखले. 1875 साली आगरकर मॅट्रिक झाले, पण पुण्यास जाऊन पुढे शिकण्यास त्यांच्याजवळ पैसा नव्हता. तेव्हा महाजनी व त्यांचे सहकारी शिक्षक यांनी त्यांना द्रव्यसाहाय्य केले. त्या वेळी हा हात पुढे झाला नसता, तर महाराष्ट्र एका थोर समाजसुधारकास कदाचित मुकला असता.

अध्यापनाबरोबर महाजनींचे लेखनही चालू होते. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन' या नाटकावरून त्यांनी 1879 साली 'तारा' हे नाटक लिहिले. खोट्या आळामुळे पतीने टाकलेली एक राजकन्या अनेक संकटे सोसते आणि अखेर सत्याचा विजय होतो, अशी मूळ नाटकाची कथा आहे. 1880 साली बडोद्यास 'तारा'चा प्रयोग झाला आणि त्याचे वर्णन एका इंग्रजी मासिकातही छापून आले. पुढे 'मोहविलसित' व 'वल्लभानुनय' ही नाटकेही त्यांनी शेक्सपिअरच्याच आधाराने रचली. या तिन्ही नाटकांच्या मूळ कथा लॅम भावंडांनीही मुलांना सांगितल्या आहेत. 'कुसुमांजलि' या संग्रहात महाजनींनी इंग्रजी कविता मराठीत आणल्या.

कालांतराने ते वऱ्हाडच्या शिक्षणखात्याचे प्रमुख झाले. 1907 साली पुण्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. 1923 साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या शिष्याने आपला शब्द खरा केला. आगरकर एम. ए. झाले आणि 1883 साली 'हॅम्लेट'चे भाषांतर 'विकारविलसित' या नावाने त्यांनी प्रसिद्ध केले. गुरूने परभाषेतील धन मायबोलीत आणले, शिष्याने त्यात भर घातली. ज्ञान आपल्यापाशी साठवून ठेवण्यासाठी नसते, ते वाटल्याने वाढते, हेच महाजनींचे चरित्र आपणास शिकविते.